जपानचा पंतप्रधान नेमायचं कोण आणि पाडायचं कोण? शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट

जपानचा पंतप्रधान बदलला की आपल्याकडे दरवेळी एकच प्रश्न ऐकू येतो, यांचे पंतप्रधान टिकत का नाहीत? ऑक्टोबर २०२५ मध्ये ताकाइची सानाए आल्या, त्यांच्या आधीचे इशिबा जेमतेम वर्षभर होते, तेव्हाही हीच चर्चा झाली. मला मात्र नोव्हेंबर २०१९ ची बातमी जास्त लक्षात आहे. आबे शिंझो तेव्हा जपानचे सगळ्यात जास्त दिवस पदावर राहिलेले पंतप्रधान झाले, आणि त्यांनी ज्यांचा रेकॉर्ड मोडला ते होते कात्सुरा तारो, तीन वेळा मिळून २८८६ दिवस. शंभराहून जास्त वर्षं हा रेकॉर्ड कुणाला मोडता आला नव्हता. आणि याच कात्सुराचं तिसरं सरकार ६२ दिवसांत गेलं, लोकांनी संसदेला वेढा घातला, टोकियोत सरकारच्या बाजूनं लिहिणाऱ्या पेपरांच्या ऑफिसांना आगी लागल्या.

एकच माणूस, एकच खुर्ची, मग हे असं कसं? याचं उत्तर सापडलं की १९०० नंतरच्या तीस-चाळीस वर्षांतलं जपानी राजकारण बऱ्यापैकी कळतं, आणि पुढे लष्कर सगळ्यांच्या डोक्यावर कसं बसलं तेही कळतं.

घटनेत पंतप्रधान होताच कुठे?

जपानची पहिली घटना ११ फेब्रुवारी १८८९ ला जाहीर झाली. एकूण ७६ कलमं. त्यात सम्राट आहे, संसद आहे, कोर्टं आहेत, पण पंतप्रधान हा शब्दच नाही आणि मंत्रिमंडळ हाही शब्द नाही. पद अस्तित्वात होतं बरं का, १८८५ पासून होतं आणि इतो हिरोबुमी हे पहिले पंतप्रधान. पण घटना लिहिताना कलम ५५ मध्ये एवढंच म्हटलं की राज्याचे मंत्री सम्राटाला सल्ला देतील आणि त्या सल्ल्याची जबाबदारी घेतील. म्हणजे प्रत्येक मंत्री आपापला, थेट सम्राटाला जबाबदार. पंतप्रधान हा त्यातलाच एक, फार तर पहिल्या नंबरचा. त्याला स्वतःच्या अधिकारात कुठल्याच मंत्र्याला काढता येत नव्हतं, एखादा मंत्री अडून बसला तर एकच मार्ग उरायचा, सगळ्यांनी मिळून राजीनामा द्यायचा.

हे चुकून राहून गेलं असं अजिबात नाही. घटना लिहिणाऱ्यांना संसदेच्या हातात सरकार जायला नको होतं, म्हणून पंतप्रधान कोण निवडणार ही ओळ त्यांनी मोकळी ठेवली. माझ्या मते पुढच्या जवळजवळ सगळ्या भांडणांचं मूळ या मोकळ्या ओळीत आहे.

मग निवडायचं कोण?

कागदावर सम्राट. प्रत्यक्षात गेन्रो. हा एक शब्द लक्षात ठेवा, बाकीचे शब्द मी टाळतो. गेन्रो म्हणजे १८६८ ची क्रांती, शोगुनची राजवट हटवून सम्राटाला पुढे आणणारी, ज्यांनी केली त्यातले मोजके म्हातारे नेते, बहुतेक सगळे दोनच संस्थानांतले, चोश्यू आणि सात्सुमा. इतो, यामागाता आरितोमो, मात्सुकाता, इनोउए, ओयामा वगैरे. गेन्रो हे पद घटनेत नाही, त्याला निवडणूक नाही, मुदत नाही. सरकार पडलं की हे लोक एकत्र बसायचे, एक नाव ठरवायचे, ते सम्राटाला सांगायचे आणि सम्राट त्या माणसाला बोलावून मंत्रिमंडळ बनवायला सांगायचा.

आपल्या गल्लीतलं गणपती मंडळ डोळ्यापुढे आणा. अध्यक्ष आहे, पण तो मेंबरांनी निवडलेला नाही, मंडळ सुरू करणाऱ्या चार-पाच जुन्या लोकांनी एका संध्याकाळी बसून ठरवलेला आहे. अध्यक्षाला कमिटीतल्या कुणालाच काढता येत नाही. वर्गणी मात्र गल्लीतली घरं देतात, आणि यंदा वाढवून पाहिजे असेल तर त्यांना विचारावंच लागतं. वर ढोल-ताशा पथक म्हणतं की आम्ही अध्यक्षाचं ऐकत नाही, आमचं नातं थेट मोठ्या वाड्याशी आहे, आणि नियम असा की पथकाचा माणूस कमिटीत नसेल तर कमिटी भरलीच असं धरायचं नाही. आता या अध्यक्षानं काम कसं करायचं सांगा.

इथे घरं म्हणजे संसद, पथक म्हणजे सैन्य आणि आरमार, आणि मोठा वाडा म्हणजे सम्राट.

संसदेला काय अधिकार होता?

पैशाचा. तोही अर्धाच. बजेट संसदेनं नामंजूर केलं तर सरकारनं मागच्या वर्षीचंच बजेट चालवायचं, असं कलम ७१ सांगतं. वरवर पाहिलं तर सरकार सेफ आहे. पण जपानचा खर्च दरवर्षी वाढत होता, सैन्य, आरमार, रेल्वे, शाळा, आणि मागच्या वर्षीच्या पैशात यंदाचं भागत नव्हतं. नवा कर लावायचा तर कायदा हवा आणि कायद्याला संसद हवी. म्हणून ज्या खालच्या सभागृहाला सरकार निवडायचा हक्क नव्हता त्याच सभागृहाची मनधरणी प्रत्येक पंतप्रधानाला करावी लागायची.

हे सभागृह तरी सगळ्या लोकांचं होतं का? नाही. १८९० च्या पहिल्या निवडणुकीत २५ वर्षांवरच्या आणि वर्षाला १५ येन थेट कर भरणाऱ्या पुरुषांनाच मत होतं, लोकसंख्येच्या एक टक्क्याच्या आसपास. मुख्यतः जमीनदार. तरी या लोकांनीसुद्धा सरकारच्या नाकी नऊ आणले, शेवटी खुद्द इतोनं, ज्यानं ही घटना लिहिली त्यानंच, १९०० मध्ये स्वतःचा पक्ष काढला, सेइयुकाई. पक्षाशिवाय भागत नाही हे त्याला दहा वर्षांत कळून चुकलं होतं. यामागाताला मात्र हे कधीच पटलं नाही, आणि पुढची वीस वर्षं या दोन विचारांचीच ओढाताण चालली.

सैन्याच्या मंत्र्याचा तो एक नियम

त्याच १९०० साली यामागाता पंतप्रधान होता आणि त्यानं एक नियम पक्का केला. सैन्याचा मंत्री आणि आरमाराचा मंत्री हे नोकरीत असलेले वरच्या दर्जाचे जनरल किंवा अ‍ॅडमिरलच असले पाहिजेत. रिटायर झालेला चालणार नाही, साधा नागरिक तर नाहीच. दिसायला किती साधी गोष्ट आहे. पण नोकरीतला जनरल सैन्याच्या शिस्तीत असतो, त्याचे वरिष्ठ म्हणाले जाऊ नको की तो जाणार नाही. आणि मंत्री मिळाला नाही की मंत्रिमंडळ पूर्ण होत नाही. म्हणजे सैन्याला बंड करायची, रणगाडे आणायची काही गरज नाही, फक्त माणूस द्यायचा नाही. झालं.

वरून कलम ११ होतंच, सैन्याचं सर्वोच्च सेनापतिपद सम्राटाकडे. त्याचा अर्थ सैन्यानं असा लावला की युद्धाच्या आखणीत मंत्रिमंडळानं नाकच खुपसायचं नाही.

कात्सुरा आणि सायोन्जी, आलटून पालटून

१९०१ ते १९१२ मात्र गाडी बरी चालली. पंतप्रधान दोनच, कात्सुरा, मग सायोन्जी, परत कात्सुरा, परत सायोन्जी. कात्सुरा चोश्यूचा जनरल, यामागाताच्या तालमीतला. सायोन्जी किन्मोची क्योतोच्या दरबारी घराण्यातला, फ्रान्समध्ये जवळजवळ दहा वर्षं राहून आलेला, इतोनंतर सेइयुकाईचा अध्यक्ष. दोघांचं जमायचं, आणि जमवून आणणारा माणूस पडद्यामागे होता, हारा ताकाशी. त्याच्याकडे आपण येऊच.

व्यवहार कसा चालायचा याचं उदाहरण १९०५ चं. रशियाला जपाननं हरवलं म्हणून त्या वर्षी हिंदुस्थानात केवढा आनंद झाला होता, आशियातल्या देशानं युरोपातल्या साम्राज्याला लोळवलं म्हणून. पण टोकियोत त्याच सप्टेंबरमध्ये लोक स्वतःच्या सरकारवर दगड मारत होते, कारण पोर्ट्समथच्या तहात युद्धाची भरपाई म्हणून एक येनही मिळाला नाही, आणि घरोघरची मुलं गेली होती, कर वाढले होते. हिबिया पार्कातून दंगल सुरू झाली, पोलीस चौक्या जाळल्या. अशा वेळी विरोधी पक्षानं सरकारला फाडून खायला पाहिजे ना? सेइयुकाई गप्प राहिली. कारण हारानं आधीच ठरवून घेतलं होतं, आम्ही तहाला विरोध करत नाही, तुम्ही जाताना खुर्ची सायोन्जीला द्या. जानेवारी १९०६ मध्ये तसंच झालं.

लोकांच्या दृष्टीनं हे चांगलं होतं असं मी म्हणणार नाही. पण घटनेनं रस्ताच ठेवलेला नसताना पक्षाला सत्तेपर्यंत न्यायचा दुसरा कुठला मार्ग हारापुढे होता हेही मला दिसत नाही.

डिसेंबर १९१२: मंत्री दिला नाही, सरकार पडलं

जुलै १९१२ मध्ये मेइजी सम्राट वारला. सायोन्जीचं सरकार होतं, तिजोरीत खडखडाट होता, रशियाच्या युद्धाची कर्जं डोक्यावर होती आणि काटकसर चालू होती. सैन्य म्हणालं, दोन वर्षांपूर्वी कोरिया घेतलाय, तिथे ठेवायला आम्हाला दोन डिव्हिजन वाढवून द्या. मंत्रिमंडळ म्हणालं, आत्ता पैसे नाहीत. सैन्यमंत्री उएहारानं २ डिसेंबरला राजीनामा दिला, आणि तो पंतप्रधानाकडे न देता थेट नव्या सम्राटाकडे नेऊन दिला. सैन्यानं दुसरा माणूस दिला नाही. तीन दिवसांत सायोन्जीचं सरकार गेलं. निवडणुकीत न हरता, संसदेत बहुमत असताना.

गेन्रोंनी नाव शोधायला सुरुवात केली. एकेक जण नको म्हणायला लागला, कारण हा निखारा हातात कोण घेणार. शेवटी कात्सुरा पुढे आला, जो तेव्हा राजवाड्यात सम्राटाच्या सेवेतल्या मोठ्या पदावर होता. आता आरमारानं अडवलं, सैन्याला देता तर आम्हालाही जहाजं द्या, नाहीतर मंत्री देणार नाही. कात्सुरानं काय केलं, सम्राटाकडून फर्मान काढून आणलं की आरमारमंत्री सायतो माकोतोनं पदावर राहावं. अडचण सुटली पण लोक भडकले. राजवाड्यातून उठून खुर्चीवर बसायचं, अडलं की सम्राटाच्या नावाचा कागद काढायचा, हे कुणाला पटणार?

पेपरवाले, वकील, व्यापारी, सेइयुकाई आणि कोकुमिन्तो या दोन्ही पक्षांचे कार्यकर्ते एकत्र आले, घटना वाचवा अशी चळवळ उभी राहिली. ५ फेब्रुवारी १९१३ ला संसदेत सेइयुकाईचा खासदार ओझाकी युकिओ उठला आणि सरकारकडे बोट दाखवून बोलला, हे लोक सिंहासनाचा तट करतात आणि सम्राटाच्या फर्मानांच्या गोळ्या करून शत्रूवर झाडतात. सम्राटाचं नाव निघालं की मान खाली घालायचा तो काळ होता, त्या काळात भर सभागृहात हे बोलायला केवढं धाडस लागलं असेल. कात्सुरानं मग सम्राटाकडून सायोन्जीलाच सांगणं आणवलं की अविश्वासाचा ठराव मागे घ्या. सायोन्जीनं निरोप पक्षाला दिला, पक्षानं ऐकलं नाही. १० फेब्रुवारीला हजारो लोक संसदेभोवती जमले, दंगल पेटली, आणि कात्सुरानं हात टेकले. रस्त्यावरच्या लोकांच्या दबावानं सरकार पडायची जपानमधली ही पहिली वेळ. त्याच ऑक्टोबरमध्ये कात्सुरा वारला.

मग तो नियम बदलला नाही का?

बदलला. कात्सुरानंतर आलेला यामामोतो गोन्नोह्योए स्वतः अ‍ॅडमिरल होता, पण सेइयुकाईच्या पाठिंब्यावर उभा होता, आणि त्यानं १९१३ मध्येच नियम सैल केला, की नोकरीतून बाहेर पडलेले राखीव अधिकारीही चालतील. सैन्याचा कडक विरोध झाला तरी केला. यामामोतोला याचं श्रेय फार कमी मिळतं, कारण वर्षभरात झीमेन्स कंपनीच्या लाचेचं प्रकरण निघालं, आरमाराचे अधिकारी त्यात सापडले आणि त्याला जावं लागलं.

पण कागद बदलला म्हणून सवय बदलत नाही. यामामोतोच्या जागी किओउरा केइगोला बोलावलं, तर आरमारानं बजेटवरून पुन्हा मंत्री द्यायला नकार दिला आणि मंत्रिमंडळ बनण्याआधीच संपलं. जपानी लोकांनी त्याला ईल मासळीचं मंत्रिमंडळ म्हटलं, म्हणजे भाजल्याचा वास आला पण ताट काही पुढे आलं नाही. आणि सैल झालेल्या नियमाखाली एकही राखीव अधिकारी प्रत्यक्षात मंत्री झाला नाही. तरी दार उघडं आहे एवढ्यानंसुद्धा सैन्याच्या धमकीतला जोर बराच कमी झाला.

हारा: साधं नाव असलेला पहिला पंतप्रधान

ओकुमा, मग तेराउची, पहिलं महायुद्ध, हे सगळं मी भराभर सोडतोय. १९१८ च्या उन्हाळ्यात तांदळाचे भाव आकाशाला भिडले आणि तोयामाच्या किनाऱ्यावरच्या कोळ्यांच्या बायका रस्त्यावर आल्या, आमचा तांदूळ बाहेर पाठवू नका म्हणून. बघता बघता देशभर दंगली झाल्या आणि जनरल तेराउचीचं सरकार गेलं. आता यामागाताकडेही नाव उरलं नव्हतं. सप्टेंबर १९१८ मध्ये हारा पंतप्रधान झाला.

हारा उत्तरेच्या मोरिओकाचा, १८६८ मध्ये हरलेल्या बाजूचा. पत्रकार, मग परराष्ट्र खात्यात, मग राजकारणात. सरदारकी त्यानं कधी घेतली नाही, त्यामुळे खालच्या सभागृहात निवडून आलेला आणि नावामागे काउंट-बॅरन नसलेला हा पहिला पंतप्रधान. सैन्य, आरमार आणि परराष्ट्र सोडून सगळे मंत्री त्यानं आपल्या पक्षाचे घेतले. १९२१ मध्ये आरमारमंत्री वॉशिंग्टनच्या परिषदेला गेला तेव्हा ते खातं हारानं स्वतः सांभाळलं, एका नागरिकानं! यामागातासारख्या माणसाशी न भांडता, त्याला भेटत राहून, पटवत राहून त्यानं हे मिळवलं. त्याची एक गोष्ट मला पटत नाही, सगळ्या पुरुषांना मत द्यायला त्यानं विरोध केला आणि फक्त कराची अट ३ येनवर आणली. लोक पाठीशी हवेत तर लोकांना मत द्यायला नको का?

४ नोव्हेंबर १९२१ ला टोकियो स्टेशनवर एका तरुण रेल्वे कर्मचाऱ्यानं त्याला भोसकलं. तीन महिन्यांत यामागाताही वारला.

ब्रिटनमध्येही राजाच नेमतो की!

हा आक्षेप हमखास येतो, आणि बरोबर आहे. ब्रिटनमध्येही पंतप्रधान राजा नेमतो आणि सगळं लिहिलेलं कुठेच नाही. फरक असा की तिथे बहुमत ज्याचं त्याला बोलवायचं ही रूढी पिढ्यान्‌पिढ्या रुजलेली होती, आणि सैन्य वेगळं दार ठोठावत नव्हतं. जपानमध्येही अशी रूढी रुजायला लागली होती. १९२४ मध्ये काटो ताकाआकी तीन पक्षांची मोट बांधून निवडणूक जिंकून आला, १९२५ मध्ये २५ वर्षांवरच्या सगळ्या पुरुषांना मत मिळालं, मतदार ३३ लाखांवरून सव्वा कोटीच्या आसपास गेले. बायकांना नाही मिळालं. आणि त्याच वर्षी डाव्या विचारांच्या लोकांना तुरुंगात टाकणारा कायदाही आला, तो विसरून चालणार नाही. पण १९२४ ते १९३२ दोन मोठ्या पक्षांचेच नेते पंतप्रधान होत राहिले. सायोन्जी आता एकटा उरलेला गेन्रो होता आणि तोच ही नावं सम्राटाला सुचवत होता.

म्हणजे एका म्हाताऱ्या माणसाच्या समजूतदारपणावर सगळं उभं होतं.

मग हे मोडलं कुणी? फक्त सैन्यानं?

इथे मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं. १९३० मध्ये हामागुची सरकारनं लंडनला आरमार कमी करायचा करार केला. आरमाराचे काही अधिकारी म्हणाले की जहाजं किती हा सम्राटाच्या सेनापतिपदाचा विषय आहे, मंत्रिमंडळाला हक्क नाही. आणि संसदेत हाच मुद्दा घेऊन सरकारवर तुटून कोण पडलं? विरोधातली सेइयुकाई, आणि तिचा अध्यक्ष इनुकाई त्सुयोशी. तोच इनुकाई जो १९१३ मध्ये ओझाकीच्या बरोबरीनं घटना वाचवायला उभा होता. एका सरकारला खाली खेचायच्या नादात संसदेच्या माणसांनीच सैन्याच्या हातात दारूगोळा दिला. नोव्हेंबर १९३० मध्ये हामागुचीवर टोकियो स्टेशनवरच गोळी झाडली गेली, पुढच्या ऑगस्टमध्ये तो गेला. सप्टेंबर १९३१ मध्ये चीनच्या ईशान्येकडच्या मांचुरियात सैन्यानं परस्पर युद्ध सुरू केलं, कोरियातलं सैन्य हुकमाशिवाय हद्द ओलांडून मदतीला गेलं, आणि मंत्रिमंडळानं नंतर खर्चाला मंजुरी देऊन टाकली. पैशाचा एकच लगाम हातात होता, तोही सोडला. आणि १५ मे १९३२ ला आरमाराच्या तरुण अधिकाऱ्यांनी इनुकाईलाच पंतप्रधानाच्या घरात घुसून मारलं. तेव्हा तो पंतप्रधान होता, ७६ वर्षांचा.

त्यानंतर १९४५ पर्यंत पक्षाचा नेता म्हणून कुणी पंतप्रधान झाला नाही. १९३६ मध्ये यामागाताचा जुना नियम परत आणला गेला. १९३७ च्या जानेवारीत जनरल उगाकीला सम्राटानं बोलावलं, सैन्यानं मंत्री दिला नाही, सरकार बनलंच नाही. १९४० मध्ये सैन्यमंत्री हाता शुनरोकु यानं राजीनामा दिला आणि पंतप्रधान योनाईचं सरकार कोसळलं. उएहाराचीच युक्ती, अठ्ठावीस वर्षांनी.

आता काय लिहिलंय?

३ मे १९४७ ला लागू झालेल्या घटनेत ती मोकळी ओळ भरली. कलम ६६, पंतप्रधान आणि सगळे मंत्री नागरिकच असतील. कलम ६७, पंतप्रधान संसद आपल्यातूनच निवडेल. कलम ६८, पंतप्रधानाला वाटेल तेव्हा मंत्र्याला काढता येईल. आज जपानचे पंतप्रधान लवकर बदलतात ते मुख्यतः पक्षातल्या अंतर्गत निवडणुकांमुळे आणि निवडणुकीत मार खाल्ल्यामुळे, कुणी माणूस दिला नाही म्हणून कधीच नाही. कलम ६८ काय करू शकतं ते ऑगस्ट २००५ मध्ये दिसलं. पोस्टाच्या खासगीकरणाचं बिल वरच्या सभागृहात पडलं, पंतप्रधान कोइझुमी म्हणाले खालचं सभागृह बरखास्त करतो, शेतीमंत्री शिमामुरा म्हणाले बरखास्तीच्या कागदावर मी सही करणार नाही. कोइझुमींनी त्यांना त्याच दिवशी काढलं, शेती खातं स्वतःकडे घेतलं, त्या जागी स्वतःच सही केली आणि निवडणूक लावली.